सवीचे सरळ पाय

माहं नाव हिरा. गाव पाचोडच्या पुढं, आडवळणाला, अन् गाव कसलं मॅडम, वस्तीच म्हणा, आमची धनगरांची धा-बारा घरं अन् मधी मेंढरांचा वाडा. माह्या बापाला सगळी वस्ती आबा म्हणती, मी बी आबाच म्हणते. आबाचं अन् मायचं लगीन नात्यातलं, माय म्हंजी आबाच्या मामाची पोरगी, आमच्यात रीतच हाय ती, मामाची पोरगी घरात यायची, बाहेर कशाला बघायचं, माणूस वळखीचं, गोत वळखीचं. तुम्ही लिहून घेताय तर हे पहिलं लिहा, पुढचं सगळं ह्याच्यातूनच निघतंय. अन् जरा मोठ्यानं बोलत जा, कानाला मशीन हाय पण बॅटरी उतरली की मला तुमचे निस्ते ओठ हलताना दिसतात.

आबाला पायाची पारख लई. बाजारात कोकरू घ्यायचं असलं की लोक आबाला संगं न्यायचे. आबा तोंड बघायचा नाय, लोकर बघायचा नाय, खाली उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा अन् गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवायचा, अन् मग म्हणायचा, हे घ्या, हे चालंल. न्हाय तर म्हणायचा, ह्याच्या हाडात दम नाय, सोडा. कधी चुकला नाय. अन् काय सांगू तुम्हाला, अशा माणसाच्या घरात मी जन्मले अन् मलाच पाय नीट फुटले नाय. दोन वर्षाची झाले तरी भिंत धरून चालायची, अन् मोकळी चालाय लागले तर दोन्ही गुडघे भाईर, मधून कोकरू निघून जाईल असे. पाणी तर इतकं प्यायची, रांजणापाशीच बसून राहायची, खाल्लेलं उलटून टाकायची, वाढायची म्हणून नाव नाय. आजी, म्हंजी आबाची माय, म्हणायची मुडदूस झालाय पोरीला, मग मला उन्हात बसव, तेल चोळ, ह्याच्याकडं ने, त्याच्याकडं ने, सगळं झालं.

सात वर्षाची असंल, एक दिवस सकाळी उठाय गेले तर हात हालंना, पाय हालंना, निस्ती मान हलती. मायनं टाहो फोडला, आबानं खांद्यावर टाकलं अन् थेट शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. तुम्ही संभाजीनगर म्हणता, आबा अजून औरंगाबादच म्हणतो, तोंडात बसलंय त्याच्या. तिथं त्यांनी सलाईनीतून कसला तरी क्षार दिला अन् दिवस मावळायच्या आत माहं बोट हाललं. मग डॉक्टर म्हणला, हिच्या रक्तात आम्ल साचतंय, किडनीनं ते लघवीतून भाईर टाकायचं असतं, ते हिची किडनी टाकत नाय, म्हणून ते हाडं खातं अन् क्षार वाहून जातो. औषध दिलं, बाटलीतलं, पातळ, अन् म्हणला रोज द्या, जन्मभर द्या, चुकवू नका.

आता इथं घोटाळा झाला. ते औषध आंबट. घरी आणलं, आजीनं बोट बुडवून चाटलं अन् म्हणली, आंबटानं रक्त नासलं म्हणता अन् आंबटच पाजता व्हय, हा कोणता इलाज. झालं. आजीपुढं कोण बोलणार, अन् खरं सांगायचं तर तिचं सगळ्यांनाच पटलं. बाटली मोरीत वतली. अन् वरून माहं सगळं आंबट बंद, चिंच बंद, कैरी बंद, बोरं बंद, ताक सुदिक बंद. वस्तीतली पोरं चिंचेखाली कोवळ्या चिंचा मीठ लावून खायची अन् मी वट्यावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघायची. माहं जळणं तिथून सुरू झालंय मॅडम, चिंचेपासून. आता मला ठाऊक हाय की ते औषध तोंडात आंबट लागतं पण अंगात गेलं की त्याचा सोड्यासारखाच गुण होतो, पण तव्हा इचारायला पाहिजे व्हतं, ते कुणी इचारलं नाय. दोन वर्षं गेली त्याच्यात. हाडं वाढायची दोन वर्षं.

नवव्या वर्षी परत तसंच, सकाळी उठले तर अंग लाकूड. तव्हा सवी झाली व्हती, माही बहीण, सविता, दीड वर्षाची, मायच्या कडंवर. ह्या वक्ताला डॉक्टर म्हातारे व्हते, त्यांनी माहं बघता बघता सवीकडं बघितलं, म्हणले ही हिचीच बहीण का, अंग कामून धरत नाय हिचं, अन् तिचं बी रक्त काढलं. दोघींना एकच रोग. बाटलीचं काय केलं इचारलं तर आबानं इमानानं सांगितलं, आंबट म्हणून टाकून दिली. मला वाटलं आता आबाला शिव्या बसतेत, पण ते म्हातारे रागावले नाय. त्यांनी इचारलं, धंदा काय. आबा म्हणला, मेंढरं. मग ते म्हणले, मेंढरू ज्वारीच्या कणसावर पडलं अन् पोट फुगलं तर काय करता. आबा म्हणला, खायचा सोडा पाजतो पाण्यातून. कामून पाजता. आबा म्हणला, दाण्यानं पोटात आंबूस झालेलं असतं, ते मारतो सोडा, न्हाय तर मेंढरू मरतं. म्हातारे म्हणले, मग तुमच्या पोरींचं रक्त रोजच कणसावर पडल्यासारखं हाय, अन् हा बघा सोडा, गोळीचा, आता आंबट नाय ना.

आबा तिथंच भुईवर बसला अन् रडला. त्याला कळलं. एका वाक्यात कळलं. मी खाटंवर पडून त्याच्याकडं बघत व्हते अन् मला माया वाटायच्या ऐवजी राग आला, की मेंढराचं नाव घेतलं तव्हा तुला कळलं व्हय, दोन वर्षं मी वट्यावर बसून व्हते तव्हा नाय कळलं. लेकराचा राग तो, पण अजून गेला नाय.

त्या दिवसापासून आबानं गोळी चुकवली नाय. मेंढरं घेऊन रानात असला तरी फडक्यात गोळ्या. मला बी द्यायचा, सवीला बी द्यायचा, इमानानं सांगते, वाटणीत खोट केली नाय त्यानं. पण माही हाडं वाकून बसली व्हती. नंतर टणक झाली, पण वाकडीच टणक झाली. डॉक्टर म्हणले, ऑपरेशन करून सरळ होतेन, तर आजी म्हणली पोरीच्या हाडाला लोखंड लावू देणार नाय, अन् मग आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहिलंच. उंची माही तिथंच थांबली, तुम्ही बघताच, ह्या शिवणाच्या मशीनच्या पायट्याखाली पाट ठिवावा लागतो मला. पोटात खडे झाले दोन वक्ताला, तो तरास मी वैऱ्याला बी इच्छिणार नाय. किडनीत चुना साचलाय म्हणतात, सोनोग्राफीत ठिपके ठिपके दिसतात. मॅडम डॉक्टर म्हणतात किडनी थकलीय पण चालू हाय, औषध धरून राहिलात तर अशीच चालंल.

अन् सवी. मापात वाढली पोरगी, दरसाल झगा आखूड व्हायचा. आबा तिला पुढ्यात घेऊन बसायचा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवायचा अन् हसायचा एकटाच. माह्या पायावरून त्यानं कधी हात फिरवला नाय. त्याला बघवत नसंल, हे आता कळतं, पण तव्हा मी दाराआडून बघायची अन् माहं काळीज करपायचं. मी वाकले म्हणून तिचा रोग सापडला ना. माह्या मागं मागं ती दवाखान्यात आली अन् पाय घेऊन गेली, असंच वाटायचं मला. शाळेत पळायच्या शर्यतीत तिला नंबर आला, स्टीलचा डबा मिळाला, तो डबा म्या एक वर्ष वापरू दिला नाय घरात, म्हणलं गळतो. कुठं गळत व्हता.

कान तेवढे देवानं सारखे वाटले. हा रोग आमच्यासारख्यांचे कान बी नेतो, माहे धाव्या-अकराव्या वर्षीच कमी झाले. अन् सोड्यानं हाडं वाचतात, कान वाचत नाय, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं व्हतं. सवी सतराची झाली तव्हा पहिल्यांदा म्हणली, आक्का, परत सांग गं, ऐकू नाय आलं. मला बरं वाटलं. लिहा लिहा, थांबू नका, बरं वाटलं म्हणून लिहा. खरं हाय ते.

तर दत्ताचं सांगायचं राहिलं. दत्ता म्हंजी माह्या आत्याचा पोरगा, माह्याच वयाचा, चार महिन्यांनी मोठा. मी पाळण्यात असतानाच आत्यानं मला मागितलं व्हतं, ही माह्या दत्ताची म्हणून हातात चांदीचं कडं घातलं व्हतं. मग माहे पाय असे निघाले अन् आत्या बोलायची बंद झाली. पण तोंडानं शब्द मोडला नाय तिनं कधी. अन् माणसाला काय मॅडम, कुणी तोंडानं नाय म्हणत नाय तवर आस राहती. दत्ता वाळूजला कंपनीत लागला, मी शिवणकाम शिकून इथं पुंडलिकनगरात खोली केली, तुमच्याच खालची, दवाखाना बी जवळ पडला. दत्ता कधीमधी यायचा, गावाकडून डाळ, बाजरी आणून द्यायचा, दारातच उभा राहायचा, हिरे, कशी हायेस म्हणायचा. त्या एका वाक्यावर मी महिना काढायची. हसू नका. मी सव्वीस वर्षाची व्हते, पाय वाकडे असले म्हणून बाकीचं माणूस काय वाकडं असतं व्हय.

सवीला सहा महिन्याला तपासायला मीच न्यायची, आबा अन् माय रानात. त्या साली सवी अठराची झाली व्हती. दवाखान्यात आता म्हाताऱ्यांच्या जागी डॉक्टर मॅडम आल्या व्हत्या, लई चांगल्या, माह्याशी तोंडासमोर तोंड करून सावकाश बोलायच्या म्हंजी मला कळावं. त्यांनी सवीला रक्त द्यायला धाडलं अन् मला बसवलं. म्हणल्या, हिराबाई, तुमच्यात नात्यात लग्नं करतात ना. म्हणलं, व्हय. म्हणल्या, आता करू नका. हिचं नको अन् तुमचं बी नको. हा रोग तुमच्या गोतात लपून बसतो, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसात बी असतो, अन् असा नात्यातला नवरा पडला तर लेकराला होतो. भाईरचा पोरगा बघा. अन् लेकरू झालंच तर महिन्याच्या आत तपासायला आणा. मी हो म्हणलं अन् औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिले, रांग लई मोठी व्हती, तासभर उभी व्हते, अन् तासभर डोक्यात एकच. नात्यात नको म्हंजी दत्ता नको. सवीचा तर इषयच नव्हता तव्हा. मला नको.

म्हणून मी ते कुणाला सांगितलं नाय. गिळलं. एवढंच माहं पाप हाय, अन् ते हे असं हाय. म्हणलं, सांगितलं तर आत्याला आयतंच निमित्त मिळंल, म्हणंल, बघा डॉक्टरच नको म्हणतो. आठ महिने मी गुमान राहिले.

आठ महिन्यांनी माय म्हणली गावाला ये, आत्या नारळ घेऊन येणार हाय. मला काय वाटलं असंल तुम्हीच समजून घ्या. म्या नवं पातळ नेसलं. आत्या आली, दत्ता आला, चार शहाणी माणसं बसली, अन् आत्यानं नारळ काढून सवीच्या वटीत घातला. म्हणली, पाय बघा माह्या लक्ष्मीचे, हरणासारखे. मी दाराच्या चौकटीला धरून उभी व्हते. अन् मग मला माहं तोंड आवरलं नाय. म्हणलं, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय नात्यात करायचं नाय, लेकराला रोग व्हईल. सगळं सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्द खोटा नाय त्यातला.

सगळ्यांनी माह्याकडं बघितलं. मला वाटलं ऐकलं. मग आबानं इचारलं, कधी सांगितलं डॉक्टरनं. म्हणलं, आठ महिने झाले. आबा म्हणला, मग आजच कामून सांगतीस बाई.

मायनं पदर तोंडाला लावला अन् म्हणली, तुला भेटलं नाय म्हणून हिला बी भेटू नये व्हय गं. आत्या म्हणली, जळकं लाकूड हाय हे, ह्याच्या धुरानं शुभकाम नासंल, हिला आत न्या. दत्ता खाली बघत राहिला. अन् सवी मान घालून बसली व्हती, वटीतल्या नारळाकडं बघत, एक शब्द बोलली नाय. मला वाटलं लाजली. मी जळतच व्हते, त्यात खोटं काय. पण बोलले ते बी खरंच व्हतं. खरं बोलणं जळक्या तोंडातून निघालं अन् वाया गेलं. लगीन झालं. नवरीचं ब्लाऊज म्याच शिवलं, माप घेताना सवीनं माह्याकडं बघितलं नाय अन् म्या तिच्याकडं. असं बसलं ते ब्लाऊज तिला, एक चुणी नाय.

मग तीन वर्षं येणंजाणं तुटल्यासारखंच. आरू झाली, सवीची पोरगी, तव्हा बी मला निरोप शेजाऱ्याकडून. मी बघायला गेले तर आत्यानं लेकरावर पदर टाकला. माही नजर लागंल म्हणून. म्या सवीला इचारलं, तपासलं का गं हिला. ती म्हणली, चांगली हाय ती, काय तपासायचं. इतक्या चिडून म्हणली की मी परत इचारलं नाय. पण एक गोष्ट कळली मॅडम, तपासलं अन् रोग निघाला तर मी खरी ठरणार, हे तिला नको व्हतं. अन् मी सांगते, मला ते पाहिजे व्हतं. येताना बसमधी मी हिशेब लावत व्हते की निघालाच रोग तर कोण कोण माह्यापुढं खाली बघंल. लेकराचा इचार मनात नंतर आला. कसलं माणूस मी.

आरूचं जावळ काढायचं ठरलं बिरोबाच्या देवळापुढं, लेकरू चौदा महिन्यांचं झालं व्हतं. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात, अन् आम्हाला भाऊ नाय, सख्खा नाय चुलत नाय. आत्या म्हणली, वस्तीतल्या कुणाला तरी बसवू. तव्हा आबा उठला अन् म्हणला, मामा नाय तर मावशी बसंल, माह्या घरची मांडी पाहिजे. आत्याचं तोंड उतरलं पण देवापुढं बोलता आलं नाय तिला. मी पाटावर बसले, माह्या आखूड मांडीवर आरूला दिलं. पहिल्यांदा हातात आलं ते लेकरू. अन् हातात आलं तसं मला कळलं. वजनच नाय. मनगट धरलं तर मनगटाला गाठ, दोन मनगटं एकावर एक ठिवल्यागत. न्हावी म्हणला, बाई, टाळू लई मऊ हाय, संभाळून धरा. त्यानं वाटीत पाणी घेतलं डोकं भिजवायला, तर लेकरू त्या वाटीवर झेपावलं, तोंड घालून ते पाणी पिऊ लागलं, अन् बाया हसल्या, म्हणल्या, तहान लागली व्हय गं ठमे. मी नाय हसले. मला आमचा रांजण दिसला.

आता सांगा, मी काय करू. शंभर माणूस जमलेलं. मी तोंड उघडलं की आत्या म्हणणार, आली बघा जळकी, देवाच्या दारात बी अभद्र. सवी लेकरू हिसकून घेणार अन् मग मरंतोवर दवाखान्यात नेणार नाय, निस्त्या हट्टानं. माह्या तोंडाला किंमत उरली नव्हती, अन् ती म्याच घालवली व्हती. मी आबाकडं बघितलं. जवळच उभा व्हता. म्या त्याचा हात धरला, खाली बसवला, अन् एक शब्द न बोलता त्याचा हात लेकराच्या पायावर ठिवला.

आबानं डोळे मिटले. गुडघ्यापासून खाली हात फिरवला. एकदा, परत एकदा. मग मनगट चाचपलं. बाजारात बसायचा तसा उकिडवा बसला व्हता. उठला अन् दत्ताला म्हणला, जेवणं होऊ द्या लोकांची, आपल्याला गाडी काढायची हाय, लेकराला औरंगाबादला न्यायचंय, आत्ता. आत्या म्हणली, कुणी कान भरले तुझे. आबा म्हणला, मला कुणी काय सांगितलं नाय, माह्या हाताला कळलं. आबाच्या हाताला कुणी नाय म्हणत नाय आमच्या गोतात.

रोग निघाला. पण वेळेत निघाला, डॉक्टर मॅडम म्हणल्या, लई उशीर नाय झाला. सोडा अन् ते आंबट औषध दोन्ही चालू केलं, अन् ह्या वक्ताला आंबटाला कुणी नाय म्हणलं नाय. सहा महिन्यात लेकरू बाळसं धरून उठलं. आता चार वर्षाची हाय आरू, मापात हाय, पाय सरळ. मॅडमनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, औषध जन्मभर, ताप-उलटी झाली तर घरी बसायचं नाय, लगेच सलाईन, न्हाय तर अंग लुळं पडंल, वर्षातून दोनदा रक्त अन् सोनोग्राफी, खडे अन् चुना बघायला, अन् कान दरसाल तपासायचे. एवढं केलं तर पोरगी शिकंल, लगीन करंल, तुमच्याइतकी उंच व्हईल, असं सवीकडं बघून म्हणल्या. माह्याकडं बघून नाय म्हणल्या.

तेव्हापासून सवी तपासणीला आली की माह्याकडंच उतरती. सगळ्यांना सांगत फिरती, आक्का मांडीवर घेऊन बसली म्हणून माही पोरगी वाचली. आत्या सुदिक आता माह्यासाठी शेंगदाणे धाडती. अन् मला ते शेंगदाणे गिळवत नाय. ते आठ महिने आडवे येतात. वेळेवर बोलले असते तर त्या दिवशी आबानं तो सवाल केला नसता, माहं ऐकलं असतं.

परवा सवी आली व्हती, तुम्ही बघितलं ना, इथं पायरीवरच बसलो व्हतो दोघी. म्हणलं आता सांगून टाकू. पण दोघींच्या बी कानाला मशीन, तिचं नवं, तिला अजून सवय नाय, मी हळू बोलले तर ती म्हणली, काय, काय म्हणतीस. मग गुपित बी वरडूनच सांगावं लागलं. तुम्हाला वर ऐकू आलं असणारच, तव्हाच तर वही घेऊन उतरलात. म्हणलं, सवे, मॅडमनी सांगितलेलं म्या आठ महिने लपवलं, मला दत्ता पाहिजे व्हता म्हणून.

तिनं माह्याकडं बघितलं अन् म्हणली, आक्का, मला ठाऊक व्हतं. म्हणलं, काय ठाऊक व्हतं. म्हणली, तू औषधाच्या रांगेत व्हतीस. मी रक्त देऊन आले तर मॅडमनी मला बी बसवलं अन् सगळं सांगितलं, नात्यात नको म्हणून. म्या बी लपवलं. आत्या मला मागणार हाय हे मायनं माह्या कानावर घातलं व्हतं.

म्हणलं, मग तू त्या दिवशी, नारळ घेऊन बसलीस अन् मला जळकी म्हणू दिलंस. ती म्हणली, व्हय. म्हणली, तू बोलाय लागलीस तव्हा मला वाटलं आता तू म्हणशील की सवीला बी ठाऊक हाय. तू नाय म्हणलीस, तुला ठाऊकच नव्हतं. मग मी गप बसले. अन् मग म्हणली, मी लई जळायची आक्का तुह्यावर. ओढ्याला पाणी आलं की दत्ता तुला पाठकुळी घेऊन पलीकडं न्यायचा, अन् मला म्हणायचा, तू चाल की, तुला काय झालंय. मी मुद्दाम एकदा पाय मुरगळला म्हणून बसले तर हसला. मला वाटायचं, माहे बी पाय वाकडे असते तर.

आता ह्याला काय म्हणावं मॅडम. मी तिच्या सरळ पायावर जन्मभर जळले अन् ती माह्या वाकड्यावर. मला राग आला तिचा, लई आला, तो सगळा दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाय. मग काल मशीनवर बसल्या बसल्या मला हसू आलं एकटीला, की एवढे दिवस मला वाटत व्हतं मीच एक वाईट हाय घरात. बरं वाटलं. जवळची वाटली ती मला पहिल्यांदा. पण तिला पाय हायेत, दत्ता हाय, लेकरू हाय, अन् वरून तिचं खोटं बी कुणी धरलं नाय, ते मी विसरले असं म्हणणार नाय. जळते मी अजून. आरू ह्या गल्लीतून पळत सुटती तव्हा माही नजर तिच्या पायावरच राहती, अन् त्याच वक्ताला मी वरडते, हळू गं, पडशील.

आरूच्या दुपारच्या डोसाची वेळ झालीय, सवी फोन करील, दिला का म्हणून इचारील, आता चार दिवस लेकरू माह्याकडंच हाय. बाटली त्या तिथं वर हाय, जरा हाताला देता का, माहा हात पुरत नाय. देव करो अन् उंची ती आईची घेवो, पाय आईचे घेवो. अन् सांगायची गोष्ट सांगायच्या वक्ताला सांगणारी होवो. ते आमच्यात कुणाला जमलं नाय.